थोडंसं दुखेल

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा मी एकदा लशीची पेटी उघडली आणि आत मुंडकं होतं.

लाकडी मुंडकं. डोळे सताड उघडे, जबडा खाली लोंबलेला, अंगात झेडपीच्या शाळेचा गणवेश. मी किंचाळले की नाही ते आठवत नाही, पण उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या बाया लेकरं उचलून पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. भाऊ आतून धावत आले. मला काही झालं का हे विचारायचं सोडून त्यांनी पेटीतलं ते ध्यान उचललं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि त्यालाच विचारलं, "लागलं का रे?"

"नाही दादा," ध्यान म्हणालं. "ताई डरली."

मी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले. त्याच दिवशी मी ठरवलं, बदली मागायची. पण मागायला जायचं राहूनच गेलं आणि पुढची नऊ वर्षं मी त्या दोघांबरोबर टेंभुर्णीच्या आसपासची गावं हिंडत काढली.

भाऊ म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातले आरोग्य सहायक. मी आरोग्यसेविका. टोचायचं काम माझं आणि टोचून घ्यायला पोरं आणायचं काम भाऊंचं, असं कागदावर होतं. खरं काम काशिनाथ करायचा. काशिनाथ ही भाऊंची बोलकी बाहुली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं डोकं भाऊंनी स्वतः कोरलेलं, डोळ्यांना काचेच्या गोट्या, केसांना काळी लोकर, पाठीत हात घालायला भोक आणि आत जबड्याची दोरी. डावी पापणी मधूनच अडकायची, त्यामुळे तो डोळा मारतोय असं वाटायचं. राहायला लशीची एक बाद झालेली निळी पेटी. नव्या पेटीचा रंगही निळाच, म्हणून तर माझी ती गत झाली.

मला बाहुल्यांची भीती वाटते. आता या वयात लपवून काय करायचं? लहानपणी जालन्याला शेजाऱ्यांकडे भाड्यानं व्हिडिओ आणला होता. त्यातला माणूस झोपायचा आणि खुर्चीवरची त्याची बाहुली हळूच मान वळवायची. बस, एवढंच मी पाहिलं. पुढचा सिनेमा आईच्या पदरात तोंड घालून नुसता ऐकला. तेव्हापासून माझ्या घरात कुठलीही बाहुली भिंतीकडे तोंड करूनच बसते. जीपमध्येसुद्धा मी भाऊंना काशिनाथची पेटी उघडी ठेवू द्यायचे नाही. आणि एक नियम मी मनाशी केला होता: काशिनाथ काहीही बोलला तरी उत्तर भाऊंना द्यायचं, त्याला नाही. नऊ वर्षं मी तो नियम पाळला. काशिनाथ म्हणायचा, "ताई, सुई लई टोकदार दिसते," आणि मी भाऊंकडे बघून म्हणायचे, "भाऊ, त्याला गप्प बसवा."

"तो ऐकत न्हाई ना ताई," भाऊ खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणायचे.

भाऊंचा सराव हा एक प्रकारच होता. दुपारी डबा खाऊन झाला की मोसंबीची एक फोड अलगद ओठांत धरायची, खिशातला आरसा समोर टेकवायचा आणि काशिनाथला बोलतं करायचं. फोड पडली किंवा फुटून रस ओघळला की सराव वाया गेला, पुन्हा पहिल्यापासून. मोसंबीचा हंगाम नसला की लिंबाचं पान. कडू लिंबाचं. तोंड कडू करून हा माणूस अर्धा अर्धा तास बसायचा आणि पान हलायचं नाही. तीर्थपुरीला त्यांच्या बहिणीचा मोसंबीचा मळा होता, तिथून फळं यायची. त्यावरूनच त्यांनी पोरांशी पैज लावली होती. काशिनाथ बोलताना जो कोणी भाऊंचे ओठ हललेले पकडेल, त्याला मोसंबीचं अख्खं क्रेट. बावीस वर्षांत ते क्रेट कुणाला मिळालं नव्हतं.

शाळेत शिरताना भाऊ दारातूनच मोठ्यानं "जय भीम" म्हणायचे. काशिनाथ नुसती मान लववायचा. मी एकदा विचारलं, त्याला का म्हणू देत नाही?

"त्याला जमत न्हाई ताई. प, फ, ब, भ, म म्हणायचं तर ओठाला ओठ लावावा लागतो. लावला की मी उघडा पडलो. काही लोक प च्या जागी त म्हणून भागवतात. मला तसली चोरी पसंत न्हाई. त्याच्या तोंडात ते अक्षरच द्यायचं न्हाई." मग म्हणाले, "अन जय भीम तर बिलकुल न्हाई. ते मी माझ्या तोंडानं म्हणन."

म्हणून त्याचं नाव काशिनाथ. म्हणून तो भाऊंना भाऊ न म्हणता दादा म्हणायचा. "घाबरू नका" हेसुद्धा पोरांना भाऊच सांगायचे, काशिनाथ कधीच नाही. एवढं सगळं सांभाळून तो बोलायचा आणि ऐकणाऱ्याला काही कमी आहे असं वाटायचं नाही.

एकदा मासिक बैठकीत डॉक्टर मॅडम वाचून दाखवत होत्या की सगळ्या उपकेंद्रांवर औषधं पुरेशी आहेत. टेबलाखालच्या पेटीतून स्पष्ट आवाज आला, "खोटं." भाऊ खाली मान घालून डायरी लिहीत होते. मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी खुलासा मागितला तो माझ्याकडे, कारण पेटी माझ्या पायाशी होती. त्यावर मी भाऊंशी आठवडाभर बोलले नाही. भाऊंना त्याचं काही नाही, काशिनाथ मात्र रोज पेटीतून विचारायचा, "ताई, राग गेला का?"

पण पोरांच्या समोर हाच माणूस फार गंभीर असायचा. त्याचा एक कायदा होता, लेकराशी खोटं बोलायचं नाही. "दुखत न्हाई असं कधी सांगायचं न्हाई ताई. एकदा खोटं ठरलो की ते पोरगं जन्मभर डॉक्टरच्या दारात जात न्हाई." म्हणून काशिनाथ प्रत्येक पोराला तेच म्हणायचा, हळू, लाडात, एकेक शब्द सुटा करून: "ये, इकडं ये. थोडंसं दुखेल. डोळे झाक. एक, दोन, तीन." तीनला माझी सुई आत. मग काशिनाथ मान वाकडी करून विचारायचा, "दुखलं का?" आणि पोरगं डोळे पुसत म्हणायचं, "थोडंसं." झालं. रांगेतलं पुढचं पोर आपणहून दंड उघडा करायचं. मी किती पोरं टोचली देव जाणे, पण त्या चार वाक्यांनी जेवढं काम केलं तेवढं माझ्या हातानं केलेलं नाही.

त्या वाक्यांचंच पुढे काय झालं ते सांगताना मला आजही कसंतरी होतं.

भाऊंच्या निवृत्तीला वर्षभर असेल. जालन्याहून एक लग्नाची शूटिंग करणारा आला. म्हणाला, बाहुलीवर छोटी फिल्म काढायची आहे, मोबाइलवर टाकू, काशिनाथ हिरो. भाऊ हरखून गेले. काशिनाथला नवा गणवेश शिवला, डोळ्यांच्या गोट्या चिंचेच्या पाण्यानं घासून चकाकवल्या. दोन दिवस रजा काढून ते पेटी घेऊन गेले. त्या माणसानं आवाज वेगळा रेकॉर्ड केला. "काय बोलू?" भाऊंनी विचारलं. "रोज पोरांना बोलता तेच बोला की," तो म्हणाला. भाऊंनी आपली सगळ्यात चांगली वाक्यं त्याला दिली.

फिल्म पहिल्यांदा पाहिली ती माझ्या फोनवर, उपकेंद्रात, भर दुपारी. बंद पडलेलं गोदाम. एक लहान मुलगी एकटी. कोपऱ्यात निळी पेटी, तिचं झाकण आपोआप उघडतं. काशिनाथ उठून बसतो. शेजारी कुणी नाही. डावी पापणी अडकते. "ये," तो म्हणतो, "इकडं ये. थोडंसं दुखेल." मुलगी मागे सरकते. "डोळे झाक. एक, दोन, तीन." आणि पडदा काळा. त्या काळ्यात किंकाळी.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. भाऊ मात्र म्हणाले, "आवाज चांगला आलाय." त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा संपली तेव्हा त्यांच्या तोंडावरचं कौतुक गेलं होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "ताई, याच्यात माझा हात कुठंय?"

आठ दिवसांत ती फिल्म गावोगाव गेली. लहान पोरांना भिववायला मोठी पोरं रस्त्यात अडवून म्हणायची, थोडंसं दुखेल. आम्हाला हे कळलं ते फार वाईट रीतीनं कळलं.

पाचवीच्या मुलांचं धनुर्वाताचं इंजेक्शन होतं. टेंभुर्णीच्या पुढे आत एक गाव आहे, तिथली शाळा. नेहमीप्रमाणे भाऊ "जय भीम" म्हणत वर्गात शिरले, हातावर काशिनाथ. मग जी रड उठली ती मी कधी ऐकली नव्हती. बाकं पडली. पोरं एकमेकांच्या अंगावरून दाराकडे धावली. त्यांत एक मुलगी होती. तिला आम्ही चांगलं ओळखायचो. बालवाडीत असल्यापासून ती दर वर्षी सगळ्यात पुढे बसायची, काशिनाथकडे न बघता भाऊंच्या तोंडाकडे टक लावायची आणि जाताना बजावून सांगायची, "पुढच्या साली पकडतेच काका तुम्हाला." ती मुलगी खिडकीतून उडी मारून सरळ रस्त्यावर पळाली. कापसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं कसा दाबला ब्रेक, त्यालाच ठाऊक. पोर वाचली. तासाभरानं कडब्याच्या गंजीमागे सापडली, तेव्हा दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली होती.

तिची आजी शाळेत आली. "लेकीची लेक हाय माझी," ती म्हणाली. "तुमचं ते भूत पुन्हा गावात आणलं तर सुईबी नको अन तुम्हीबी नको."

मॅडमनी लेखी काढलं, बाहुली बंद. खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. पेटी यापुढे जीपमध्ये नसणार. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण समोर भाऊ तो कागद चार घड्या करून खिशात ठेवत होते.

गावातलं एकही पोर टोचून घ्यायला आलं नाही. मी घरोघर गेले, दारं लागली. पोरांच्या जखमा, गंजलेले पत्रे, शेतातले खिळे मला स्वप्नात दिसायला लागले. त्या मोसमात मी कुणाच्याही अनवाणी पायांकडे बघू शकत नव्हते. भाऊंची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. एक दिवस ते म्हणाले, "ताई, मी घरी चाललो त्याचं काही न्हाई. पण लेकरांच्या डोक्यात काशिनाथ भूत म्हणून राह्यला तर मी बावीस वर्षं काय केलं?"

"भाऊ, सिनेमा आहे, विसरतील," मी म्हणाले. मी स्वतः माझा सिनेमा पस्तीस वर्षांत विसरले नव्हते.

"मी इचार करून राह्यलो," भाऊ म्हणाले. "बाहुलीला लोक का भेतात? बोलते म्हणून न्हाई. रोज बोलत व्हती की. तिच्यासंगं माणूस असला की ते खेळणं. माणूस काढून घेतला की मंग भूत. त्या पोट्ट्यानं मला काढून घेतलं, बस. अन खरं तर मीबी तेच करत आलो ना ताई. माझं तोंड दिसू नये, माझं तोंड दिसू नये, एवढंच शिकलो आयुष्यभर."

हेडमास्तरांनी कशीबशी दुसरी तारीख दिली. सकाळी जीपमध्ये चढले तर पायाशी निळी पेटी, आणि मागे गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं. मोसंबीचा वास आला. घरी न्यायच्या असतील, मी मनाशी म्हटलं. मला पेटीचीच धास्ती.

"भाऊ, मॅडमनी लेखी दिलंय."

"माझ्या खिशात हाये ते."

"पुन्हा एखादं पोर रस्त्यावर पळालं तर?"

गावात पोचल्यावर भाऊंनी पहिलं काम केलं ते शाळेचं फाटक स्वतः लावून घ्यायचं आणि हेडमास्तरांना त्याला पाठ लावून उभं करायचं. जीप आम्हाला सोडून दुसऱ्या गावाला गेली. गोणपाटाखालचं ओझं भाऊंनी उतरवून घेतलं होतं.

पोरं आवारातल्या झाडाखाली बसलेली, मागे आया आणि आज्या. पेटी दिसली तशी अख्खी रांग भिंतीपर्यंत मागे सरली. ती मुलगी आजीच्या मागे, लुगडं मुठीत धरून. भाऊ लांबच खुर्ची टाकून बसले. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. मग सगळ्यांच्या देखत पेटी उघडली, काशिनाथ काढला, त्याची पाठ पोरांकडे वळवली आणि आपला हात त्या भोकात सावकाश घातला. बावीस वर्षांत हे त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचे डोळे त्या लाकडी तोंडावरच.

"ये," काशिनाथ म्हणाला. "इकडं ये."

पोरं रडायला लागली. आजी ओरडली, "ओ भाऊ, आवरा ते!" मी सिरिंजचा ट्रे खाली ठेवला आणि फाटकाकडे पाहत राहिले.

तेवढ्यात काशिनाथ म्हणाला, "भिऊ नका."

मी वळून पाहिलं. हा शब्द त्याचा नव्हता. भाऊंचे ओठ मिटले होते आणि उघडले होते, मी धडधडीत पाहिले. पण पाहिलं ते मी एकटीनंच.

"भिऊ नका पोरांहो," काशिनाथ पुन्हा म्हणाला. पुन्हा ओठ हलले. कपाळावरून घाम भाऊंच्या डोळ्यांत उतरत होता. "माफ करा. माझं चुकलं. माफ करा."

अरे, बघा ना, मी मनात म्हणत होते. बाहुलीकडे काय बघताय? माणसाकडे बघा.

"हलले!"

आजीच्या मागून आवाज आला. लुगड्याआडून एक डोळा दिसत होता, आणि तो काशिनाथवर नव्हता.

"काकाचे व्होठ हलले! म्या पाह्यले!" मुलगी बाहेर आली, बोट भाऊंच्या तोंडाकडे. "पुन्हा बोला काका! बोला!"

"माफ करा," काशिनाथ म्हणाला.

"हलले! बघा, हलले! काकाच बोलून राह्यले!"

मग सगळ्या पोरांच्या माना वळल्या. भाऊंनी आणखी एकदा म्हटलं, आणखी एकदा, आणि प्रत्येक वेळी अख्खी शाळा ओरडली, "हलले!" ती मुलगी तर भाऊंच्या गुडघ्याशी येऊन त्यांच्या तोंडात डोकावून पाहत होती. आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, म्हातारंच बोलतंय व्हय!" आणि पोरांनी गलका केला, मोसंब्या, मोसंब्या.

भाऊंनी गोणपाट ओढलं. खाली क्रेट होतं, काठोकाठ भरलेलं.

पहिलं इंजेक्शन त्याच मुलीनं घेतलं. काशिनाथ म्हणाला, "थोडंसं दुखेल. डोळे झाक." तिनं झाकले नाहीत, ती भाऊंच्या ओठांवर नजर ठेवून होती. एक, दोन, तीन. त्या दिवशी एकही पोर राहिलं नाही. हेडमास्तर भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, "होतं भाऊ, वयाप्रमाणे ओठ ऐकत नाहीत."

"बराबर," भाऊ म्हणाले. "वय झालं."

पुढे ही गोष्ट फिल्मपेक्षा जोरात फिरली. ज्या ज्या गावात भाऊ गेले तिथं पोरं आधीच ओरडायची, हलले, हलले. निवृत्तीच्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी म्हणालंच, मोठा कलाकार, पण शेवटी ओठ हलायला लागले. भाऊंनी हात जोडले, खुलासा केला नाही. म्हणून मी करते आहे.

त्या दिवशी पोरं घरी गेली आणि आम्ही जीपची वाट पाहत झाडाखाली बसलो. त्या मुलीनं जाताना दोन मोसंब्या भाऊंच्या हातावर ठेवल्या होत्या, जिंकणाऱ्याच्या थाटात. भाऊंनी एक सोलली, एक फोड ओठांत धरली. मांडीवर काशिनाथ, तोंड माझ्याकडे. मी त्याला वळवायला सांगितलं नाही.

"ताई," काशिनाथ म्हणाला, "हारलो."

मी भाऊंच्या ओठांकडे पाहत होते. फोड तशीच होती. रसाचा थेंब नव्हता, साधी थरथर नव्हती. मी काशिनाथच्या काचेच्या डोळ्यांत पाहिलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"दुखलं का रे?"

त्याची डावी पापणी अडकली होती.

"थोडंसं," काशिनाथ म्हणाला.